गुडघ्याचा नवस

उजवा गुडघा बरा व्हावा म्हणून मी सोकावोनच्या, म्हणजे आमच्या खाणीच्या, माउलीला तीन वर्षे कार्निव्हलच्या मिरवणुकीत नाचण्याचा नवस बोललो, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत सदोष आराखडा होता. ओरुरोच्या तांत्रिक विद्यालयात शिकून खाणीचे पंप सांभाळत म्हाताऱ्या झालेल्या माणसाला एवढे कळायला हवे होते, की झिजलेला सांधा भार वाढवून सुधारत नाही. मोरेनादा नाचाचा पोशाख म्हणजे पत्र्याने मढवलेले पिंपच. पहिल्या वर्षी गुडघा दुखला. दुसऱ्या वर्षी त्यातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज येऊ लागला. तिसरे वर्ष बाकी होते, आणि अर्धवट सोडलेला नवस माउली विसरत नाही, असे आमच्याकडे पक्के मानतात.

“देवीकडं गुडघा मागायचा आणि तिच्याच पायी तो मोडून घ्यायचा,” बायको एउसेबिया म्हणाली. “असला सौदा ओझं वाहणारं लामा जनावरसुद्धा करणार नाही.” मग तिनेच मला फिजिओथेरपीच्या नोएमीबाईंकडे नेले.

नोएमीबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवून ती दाबायला लावली. घोट्याला तांदळाची पिशवी बांधून पाय ताठ उचलायला लावला. मांडीचा स्नायू बळकट झाला की भार तो घेतो आणि सांध्यावरचा ताण सुटतो, असे त्या म्हणाल्या. तुळईला टेकू देण्याचाच हा प्रकार असल्याने मला तो तत्काळ पटला. पुढे त्यांनी रोज उलटे चालण्याचा व्यायाम दिला. गल्लीतून मी पाठमोरा निघालो, तेव्हा कोपऱ्यावर आपी हे मक्याचे गरम पेय विकणारीने विचारले, की आजोबांची तरुणी मागे राहिली की काय.

पोशाखातला निम्मा पत्रा काढण्याच्या अटीवर नोएमीबाईंनी नाचाला परवानगी दिली. मात्र मिरवणुकीच्या शेवटी नवसकरी देवळात गुडघ्यांवर सरकत जातात, हे ऐकताच त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“नाचा हवं तेवढं. पण गुडघे टेकलेत, तर परत माझ्याकडे येऊ नका. तुमच्या माउलीकडेच जा.”

म्हणजे टेकले तर गुडघा जाणार, आणि न टेकले तर तीन वर्षांचा नवस.

कार्निव्हलच्या शनिवारी मी नाचत देवळाच्या दारापर्यंत पोहोचलो. सर्वांनी मुखवटे उतरवले आणि गुडघे टेकले. माझ्या मुलीचा धर्मपिता फ्रोइलान, ज्याला स्वतःच्या गुडघ्यांचा फार अभिमान, वळून म्हणाला, “टेक की लेका. मावशीकडं जेवायला आलायस का?”

सगळी रांग हसली. मी वेदीवरच्या माउलीकडे पाहिले.

“ती स्वतः उभीच आहे की,” मी म्हणालो. “तिला चालतं, तर मला का नाही?”

आणि मुखवटा काखेत धरून उभ्यानेच आत गेलो. पाद्री मोठ्याने खोकले. त्याखेरीज काही कोसळले नाही.

परतताना माउलीला पाठ दाखवायची नाही, ही आमची रीत. थकलेले नाचे मागे सरकताना एकमेकांच्या पोशाखांच्या घेरात अडखळत होते. फ्रोइलानला तर उठताच येईना. मी त्याला दंडाला धरून उभे केले आणि गल्लीतल्या सरावाने, एकदाही मागे न पाहता, आम्हा दोघांना सरळ दारातून बाहेर काढले.

“माउलीनं तुझं मान्य केलं का, ते कसं कळणार?” त्याने लंगडत विचारले.

“गुडघा सांगेल उद्या.”

दुसऱ्या दिवशी तो दुखला, पण नेहमीइतकाच. एउसेबियाने हा माउलीचा कौल मानून मेणबत्ती लावली. मी टॉवेलची वळकटी केली.