भिंतीवरचे बाबा

"सर, हनुवटी थोडी वर. आणि जरा प्रसन्न दिसा ना."

श्यामकांतांनी हनुवटी वर केली. प्रसन्न कशासाठी दिसायचं, ते मात्र त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

शर्मिष्ठा, एकेकाळची त्यांची असिस्टंट आणि आता या मालिकेची निर्माती, फोनवर एवढंच म्हणाली होती, "सर, सेटवर याच. तुमच्याशिवाय अडलंय." कित्येक वर्षांत असा फोन आला नव्हता. कधीकाळी ज्यांच्या मालिकेसाठी अख्खी चाळ एका टीव्हीपुढे बसायची, ते श्यामकांत हुरळून गेले. पत्नी सुहासिनीबाई गेल्यापासून कपाटात पडलेला झब्बा त्यांनी स्वतः इस्त्री केला आणि वर्सोव्याहून फेरीबोटीनं मढ गाठलं. एखादा भाग दिग्दर्शित करायलाच बोलावलं असणार! बोटीत बसल्या बसल्या पहिला शॉट ठरवूनही झाला होता.

"पण फोटो कशाला गं?" त्यांनी शेवटी विचारलं.

शर्मिष्ठा चपापली. "वाट लागली. मी सांगितलंच नाही का? हिरॉइनचे वडील वारलेत ना, सर. भिंतीवर फोटो हवा. असा भारदस्त चेहरा दुसरा कुठे मिळणार?"

श्यामकांतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतायला बोट होती. पण घरी तरी कोण वाट बघत होतं?

"चंदनाचा हार घाल," ते म्हणाले. "झेंडू मला आवडत नाही."

तासाभरात फोटो भिंतीवर लागला. त्यांना मॉनिटरमागे खुर्ची मिळाली, चहा मिळाला. हिरॉइन फोटोसमोर आली. "बाबा, तुम्ही असतात तर..." म्हणता म्हणता ती हमसून रडू लागली.

"कट! झकास!" तरुण दिग्दर्शक मिहिर ओरडला. लोक पुढच्या शॉटसाठी दिवे हलवू लागले.

"वन मोअर!"

श्यामकांत बोलून गेले. आवाज अजून तसाच खणखणीत होता. सगळे जागच्या जागी थांबले.

"काय चुकलं, सर?" मिहिरनं विचारलं.

चुकलं काहीच नव्हतं. पोरगी छान रडली होती. आपल्यासाठी असं रडणारं या जगात आता कोणी उरलेलं नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांना ते फक्त पुन्हा एकदा बघायचं होतं.

"घे रे एकदा," ते म्हणाले.

मिहिरनं शर्मिष्ठाकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. मुलीनं डोळे कोरडे केले आणि ती फोटोसमोर जाऊन उभी राहिली.