पहिली गाडी

महिपतचा यंत्रांवर विश्वास होता. माणूस खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही, असं तो चारचौघांत ठासून सांगायचा. पण नव्व्याण्णव सालच्या कापसाच्या हंगामात आदिलाबादकडच्या बोथच्या सोसायटीतल्या सर्व्हरनं त्याला असं तोंडघशी पाडलं की बोलायची सोय राहिली नाही. रोज सकाळी काटा सुरू झाला रे झाला की सर्व्हर ठप्प.

महिपत जवळच्याच तामसी गावचा. नागपूरला कॉम्प्युटर शिकून परत आलेला, म्हणून सोसायटीनं हौसेनं त्याला बोलावलं होतं. आवाराच्या फाटकाशी एक स्क्रीन बसवला होता आणि एक अडत्यांच्या ओसरीत. तिथं पान उघडलं की कोणत्या गाडीचं माप झालं आणि काय भाव लागला ते दिसायचं. कुणी पान मागितलं की महिपतनं लिहिलेली स्क्रिप्ट चालायची. ती आधी एक नंबरची गाडी शोधायची, मग दोन, मग तीन, आणि सगळ्या ओळीनं मांडून दाखवायची. एवढंच तिचं काम. त्यात अडण्यासारखं होतं तरी काय?

गाड्यांचे नंबर आणि वजनं टाइप करायला राहीबाई होती. दहावी पास, आदिलाबादेत टायपिंग शिकलेली. नवरा गेला तेव्हा ऐन तिशीत होती. पोरीला सासूपाशी ठेवून रोज बसनं यायची, खिडकीशी बसायची आणि बाहेर काट्यावरून मापारी डोमाजी जे ओरडेल ते ऐकून टाकायची. तिच्या कामाकडे बघायची वेळ महिपतवर कधी आली नव्हती. चुका नसायच्याच.

सकाळी पान पांढरं पडलं की फाटकापाशी शेतकऱ्यांचा गलका व्हायचा. महिपत धावत यायचा, सर्व्हर बंद करून चालू करायचा, अर्धवट नोंदी न वाचताच पुसायचा आणि खुर्चीवर बसून त्या गाड्या काट्यावरच्या चिठ्ठ्या पाहून स्वतः नव्यानं भरायचा. पान झटक्यात उघडायचं. मग खुर्ची राहीबाईला द्यायचा, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या हातून कशाचाही खोळंबा होत नसे.

त्यानं केबल बदलली. बॅटरी तपासली. सर्व्हरवरचं सगळं पुसून पुन्हा नव्यानं घातलं. नागपूरच्या मित्राला एसटीडी बूथवरून फोन करून त्याचं डोकं खाल्लं. स्वतःच्या नमुन्याच्या नोंदी देऊन स्क्रिप्ट हातानं चालवली तर ती शहाण्या मुलीसारखी धावायची. रोग होता तो फक्त सकाळचा.

सोसायटीचे चेअरमन चंपतराव. आजोबांपासूनचं किराणा दुकान, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण त्यांना आधीच ठाऊक. एका दुपारी ते ऑफिसात आले आणि राहीबाई समोर असतानाच म्हणाले, "महिपत, तुह्या हातानं चालते, हिच्या हातानं अडते. आता मी का सांगू? पांढऱ्या कपाळाच्या बाईनं दिवसाची सुरुवात केली तं दुसरं काय होईल? उद्याचा दिवस पाहू. नाई तं हिले रुईच्या गोदामात झाडायले लावतो."

महिपतला संताप आला. पण त्याहून वाईट असं, की मनाच्या एका कोपऱ्यात त्याला ते पटल्यासारखं वाटलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं ना! त्याच्या हाताला यंत्र चालत होतं, तिच्या हाताला नाही. शिकलेल्या माणसाला असलं काही वाटावं याची त्याला लाज वाटली, आणि लाजेपायी तो उगाच सर्व्हरच्या केबली चाचपायला लागला.

चंपतराव गेल्यावर राहीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हळदीकुंकवाले मले बोलवत नाईत. लग्नात मांगं बसवतेत. ते आता अंगवळणी पडलं, महिपतभाऊ. पन मशीनलेबी समजते काय?"

दुसऱ्या दिवशी महिपत सर्व्हरकडे गेलाच नाही. राहीबाईच्या शेजारी स्टूल ओढून बसला. इतके दिवस यंत्राचं पोट फाडून बघितलं, यंत्रासमोरच्या माणसाकडे एकदा तरी बघू, एवढाच विचार.

बाहेर पहिली गाडी लागली. काटा स्थिर झाला तशी डोमाजीची खणखणीत हाक आली, "लाभ!"

राहीबाईनं नंबराच्या जागी चार इंग्रजी अक्षरं टाइप केली. लाभ.

"ताई, हे काय टाकलं?"

"पहिली गाडी."

"पन एक काऊन नाई टाकलं?"

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं जणू त्यानं जेवताना चपला घातल्या होत्या. "पहिल्या मापाले एक कोन म्हनते, भाऊ? दिवसाची बरकत जाते ना!"

महिपत डोक्याला हात लावून बसला. त्याची आई पायलीनं ज्वारी मोजायची ती "लाभ, दोन, तीन" अशीच. मोजणीची सुरुवात एकानं करायची नाही, लाभानं करायची, हे त्यानं पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं. आणि स्क्रिप्ट लिहिताना मात्र तो नागपूरकर झाला होता. बिचारी स्क्रिप्ट एक नंबर शोधत होती, सापडत नव्हता म्हणून पुन्हा पहिल्यापासून शोधत होती, आणि फाटकाशी जो जो पान मागेल तो तशीच आणखी एक स्क्रिप्ट शोधायच्या कामाला लावत होता. सर्व्हरचा जीव घाबरणार नाही तर काय! तो स्वतः चिठ्ठ्या पाहून भरायचा तेव्हा सरळ एक टाकायचा.

"मंग मी उद्यापासून एक टाकते," राहीबाई घाबरून म्हणाली. "माहीच चूक झाली."

ते सोपंही होतं. पण तसं केलं तर चंपतराव काय म्हणतील हे महिपतला स्वच्छ दिसत होतं. 'पाहा, बाईचाच दोष निघाला.'

"तुमी तेच टाका," तो म्हणाला. "चूक माही हाय." आणि त्यानं स्क्रिप्टला दोन ओळींत शिकवलं की लाभ म्हणजे पहिली गाडी, आणि पानावरही तेच दाखवायचं.

दुसरी गाडी काट्यावर लागत होती तेवढ्यात चंपतराव आले; फाटकाशी गर्दी होती, पण गलका नव्हता. स्क्रीनवरच्या पहिल्याच ओळीवर त्यांची नजर खिळली. त्यांच्या स्वतःच्या दुकानात पहिलं माप पडताना तीन पिढ्या हेच म्हटलं जात होतं. ते गहिवरल्यासारखे झाले.

"वा! मशीनवर लाभ! हे कोनाले सुचलं रे?"

"राहीबाईले," महिपत म्हणाला. "त्या रोज सकाळी पहिलं तेच लिहत होत्या. माह्या स्क्रिप्टले ते वाचता येत नव्हतं, म्हनून अडत होतं."

चंपतराव खिडकीपाशी गेले. खाकरून, आजवर कधी वापरला नव्हता तो आदर वापरत ते म्हणाले, "बाई, उद्यापासून दिवसाची सुरुवात तुमच्याच हातानं करा."

बाहेर डोमाजी ओरडला, "दोन!" राहीबाईनं दोन टाकलं, वजन टाकलं, आणि मान वर न करता म्हणाली, "मी तं रोजच करून राह्यली होती, साहेब."