मधली दोन चाकं

घरात तिला बारकी म्हणत, आणि शाळेच्या रोबोट संघातही तेच नाव पोचलं होतं, कारण तिचा भाऊ तिथे तिच्याआधी पोचला होता. दादा पूर्वी या संघाचा कॅप्टन होता. आता कॉलेजात गेला, तरी मार्गदर्शक म्हणून प्रयोगशाळेत हजर असायचाच. सगळी पोरं त्याला दादाच म्हणत. बारकीची पंचाईत अशी, की घरातला दादा शाळेतही चुकत नव्हता.

दादा वाईट नव्हता. वाईट असता तर काम सोपं झालं असतं. त्याला बहिणीचं कौतुक होतं, फक्त तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. "सरक, मी करतो," हे वाक्य ती दुधाचे दात पडायच्या आधीपासून ऐकत आली होती. सायकलची चेन उतरली, सरक. विज्ञान प्रदर्शनातला पूल वाकला, सरक. त्या पुलाला पहिलं बक्षीस मिळालं आणि आईने चषक शोकेसमध्ये ठेवला. बारकी शोकेससमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायची. पाहुण्यांनी त्या पुलाचं कौतुक केलं की तिचं डोकं फिरायचं, आणि राग कुणावर काढावा हे मात्र कळायचं नाही.

म्हणून या वर्षी गाडीचा सांगाडा आणि चाकं कोण करणार असं सरांनी विचारलं, तेव्हा तिने हात वर केला आणि दादाकडे पाहिलंसुद्धा नाही. रोबोटला तिथे सगळे गाडीच म्हणत. खरंच आहे ते. वरचा हात, पंजा, सेन्सर हे सगळे नखरे नंतरचे. खालची गाडी धड चालली नाही तर सगळं मुसळ केरात.

तिचा आराखडा साधा होता. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या दोन-दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये तीन-तीन चाकं आणि चाकांना एकत्र फिरवणारी चेन. वळायचं असेल तर एका बाजूची चाकं पुढे फिरवायची, दुसऱ्या बाजूची मागे. अशा सहाचाकी गाडीत मधली दोन चाकं किंचित खाली ठेवतात, म्हणजे एका वेळी चारच चाकं जमिनीला टेकतात आणि गाडी सहज वळते. सहाच्या सहा टेकली तर टोकाची चाकं आडवी घासतात आणि गाडी अडून बसते. हे बारकीला पक्कं ठाऊक होतं. तिच्या पहिल्या आराखड्यात मधली चाकं तीन मिलिमीटर खाली होतीही.

मग जेवताना दादाने तो आराखडा पाहिला. गाडी पाळण्यासारखी डुलेल, म्हणाला. वरचा हात उंच गेला की बघा मजा. आई हसली, बाबा हसले. दादाने तिच्या पाठीवर थाप मारली आणि उद्या मी नीट करून देतो असं वर सांगितलं. बारकी अर्ध्या ताटावरून उठली. कॉम्प्युटर उघडून तिने सहाही चाकं एका रेषेत आणून ठेवली. आता डुलवून दाखव म्हणावं! त्याच रागात तिने आराखडा पट्ट्या कापणाऱ्या कारखान्यात पाठवूनही दिला.

पट्ट्या आल्या, गाडी जोडून झाली आणि शाळेच्या गुळगुळीत फरशीवर अशी गर्रकन वळली, की बारकीला आकाश ठेंगणं झालं. फरशीवर चाकं आडवी घसरतात, त्यामुळे तिथे काहीही वळतं, एवढी गोष्ट ती सोयीस्करपणे विसरली. स्पर्धेचं मैदान होतं गालिच्याचं. स्पर्धा तोंडावर आली तेव्हा सरांनी तसल्याच गालिच्याचा मोठा तुकडा कुठूनसा मिळवून प्रयोगशाळेत अंथरला. गाडी सरळ छान चालली. वळवल्यावर मात्र ती जागच्या जागी थडथडली आणि दोन-चार उड्या मारून, फ्यूज उडवून गप्प बसली.

दादा बाहेर गेला आणि मोटारीच्या डिकीतून एक सांगाडा घेऊन आला. बाजारातून आणलेला, चाकांसकट तयार, अजून कागदात गुंडाळलेला. म्हणजे बहिणीची गाडी चालणार नाही हे त्याने धरूनच ठेवलं होतं. बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्या पाण्याचाही राग आला. सरांनी मधला मार्ग काढला. उद्या शाळा सुटेपर्यंत गाडी गालिच्यावर वळली तर तीच स्पर्धेला जाईल, नाहीतर हा तयार सांगाडा.

दादा तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि त्याने पाना उचलला. "सरक, मी..."

"हात लावू नकोस."

"अगं, वेळ नाहीये. आता कसला हट्ट?"

"बिघडवली मी, दुरुस्तही मीच करणार. नाही जमलं तर तुझा सांगाडा मी स्वतः बसवून देईन. पण आत्ता पाना खाली ठेव."

दादाने पाना खाली ठेवला. बाकीच्या पोरांना एकाएकी आपापल्या वायरींमध्ये फार रस वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच कामाला लागली. पट्ट्यांमधली भोकं बदलणं शक्य नव्हतं आणि नव्या पट्ट्या वेळेत आल्या नसत्या. चाक खाली आणता येत नसेल तर चाकच मोठं करायचं, एवढाच रस्ता उरला होता. तिने मधल्या दोन चाकांवरचं रबर उखडलं, खाली जाड रबराचा एक थर चिकटवला आणि वरचं रबर पुन्हा चढवायला घेतलं. ते पुरेना, कारण चाकाचा घेर वाढला होता. मग रबराची नवी पट्टी कापली, ती ताणून धरली आणि रिव्हेट ठोकून चाकावर पक्की केली. सांगायला सोपं आहे. तिची बोटं सोलवटून निघाली. दादा खिशात हात खुपसून दाराशी उभा होता. एक रिव्हेट वाकडा गेला तेव्हा त्याचे ओठ हलले, पण तो बोलला नाही. त्याला ते किती जड गेलं असेल हे त्याचं त्यालाच माहीत.

शाळा सुटायच्या सुमारास गाडी गालिच्यावर ठेवली. ती आधी पुढे कलली, मग मागे कलली आणि मग वळली. डावीकडे वळली, उजवीकडे वळली, जागच्या जागी गोल फिरली.

"डुलतेय," दादा म्हणाला.

"डुलू दे," बारकी म्हणाली.

सरांनी तयार सांगाडा उचलून कपाटावर ठेवून दिला.

स्पर्धेत सामन्यांच्या आधी परीक्षक प्रत्येक संघाच्या टेबलापाशी येऊन यंत्र बघत, प्रश्न विचारत आणि त्याचे वेगळे गुण देत. बारकीच्या संघाकडे आलेल्या बाई थेट गुडघ्यावर बसल्या आणि चाकांवर बोट फिरवत विचारू लागल्या, की ही मधली दोन चाकं बाकीच्यांपेक्षा मोठी कशी?

बारकी तोंड उघडणार तोच मागून दादाचा आवाज आला. "ते मुद्दाम केलंय, मॅडम. आमच्या आराखड्यातच तसं होतं."

बोलला तो मायेनेच. चूक परीक्षकांना दिसू नये, बहिणीचे गुण जाऊ नयेत, एवढाच त्याचा हेतू. ती गप्प राहिली असती तर गुण मिळालेही असते, आणि त्या पुलासारखी ही गाडीही त्याची झाली असती. बारकीने एकदा दादाकडे पाहिलं आणि ती परीक्षकबाईंकडे वळली.

"मुद्दाम नाही, मॅडम. मी पहिल्यांदा आराखडा बरोबर काढला होता, मधली चाकं खाली ठेवून. दादा म्हणाला गाडी डुलेल, मला राग आला आणि मी सगळी चाकं एका रेषेत घेतली. मग गाडी गालिच्यावर वळेना, म्हणून मधल्या चाकांवर रबर चढवलं. ते लवकर झिजेल, त्यासाठी जादा पट्ट्या कापून आणल्यात. चूक माझी आहे आणि दुरुस्तीही माझीच आहे."

बाई लिहायच्या थांबल्या. त्यांनी मान वर करून दादाकडे पाहिलं. "आणि तुम्ही काय केलंत?"

दादाचे कान लाल झाले. तो बारकीच्या सोललेल्या बोटांकडे बघत राहिला.

"काही नाही," तो म्हणाला. "तिने करू दिलं नाही."