शिडाची दोरी

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या दिवशी पाथरीखाली गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, शिडाच्या नावांची शर्यत लावली होती. सूर्यभानची नाव शेवटपर्यंत पुढं होती. काठ दोनशे हातांवर आला आणि वाऱ्याचा झपाटा बसला. नाव कलली, तशी पुढं बसलेल्या लिंबाजीनं शिडाची दोरी ढिली सोडली. तेवढ्यात पैलतीरचा बन्सीधर बाजूनं निघून गेला.

लिंबाजी म्हणजे सूर्यभानच्या थोरल्या बहिणीचा, कमलबाईचा नवरा. उतारू नेण्या-आणण्याचं काम दोघं दहा वर्षं एकाच नावेवर करत होते. सूर्यभान सुकाणूवर, लिंबाजी दोरीवर.

"दाजी, दोरी का सोडली?" सूर्यभाननं विचारलं.

"न्हाई सोडली असती तर बुडालो असतो."

उत्तर खोटं नव्हतं. पण सूर्यभानच्या मनाला ते पटलं नाही. नाव तर याहून जास्त कलली होती कितीदा.

पुढं वर्षभर तो लिंबाजीवर डोळा ठेवून राहिला. एकदा पाथरीच्या बाजारात त्याला लिंबाजी आणि बन्सीधर हॉटेलात एका बाकावर चहा पिताना दिसले. संध्याकाळी त्यानं सहज विचारल्यासारखं केलं, "बाजारात कोन कोन भेटलं, दाजी?"

"कोन भेटनार? मीठ घेतलं आन आलो."

 त्या रात्री सूर्यभानला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या शर्यतीला आठ दिवस उरले तेव्हा त्यानं आणखी एक पाहिलं. बन्सीधरची नाव वाळूवर ओढून ठेवली होती, शीड वाळत घातलं होतं आणि लिंबाजी त्या शिडाशी वाकून काहीतरी वितीनं मोजत होता. सूर्यभान बाभळीआड थांबला आणि तसाच मागं फिरला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी घरी आला तर त्याची बायको छबूबाई त्याचंच शीड मांडीवर घेऊन बसलेली. मधली शिवण उसवून तिनं नवी घातली होती.

"ह्ये कुणी सांगितलं?"

"दाजीनी. म्हनले, शिडाला लय पोट सुटलंय, चार बोटं आत घे."

"मला न इचारता?"

"तुमी त्यांच्यासंगं धड बोलताव तरी का आताशा?"

पुन्हा उसवायला वेळ नव्हता. सूर्यभाननं शिवण न् शिवण चाचपून पाहिली. कुठं कच्ची दिसली नाही. पण दिसेल अशी ठेवतील कशाला?

दुसऱ्या दिवशी सात नावा उतरल्या. पाथरीच्या शाळेचे दत्तोपंत मास्तर शिट्टी घेऊन काठावर उभे होते. जाताना वारा पाठीशी होता. वळणावर पाण्यात बांधलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि समोरच्या वाऱ्यावर परत यायचं. समोरच्या वाऱ्यात नाव सरळ येत नाही. आधी या काठाकडं, मग त्या काठाकडं, अशी तिरकी आणावी लागते. खरी शर्यत तिथंच होते.

पिंपापर्यंत बन्सीधर हातभर पुढं होता. वळसा घातल्यावर लिंबाजीनं दोरी आवळली आणि नाव सुरीसारखी वाऱ्यात शिरली. पूर्वी ती आडवी वाहवायची, आज धार सोडत नव्हती. सूर्यभानच्या हातातलं सुकाणू हलकं झालं. पण त्याच्या मनात आलं, आज एवढी चालायलीय म्हणजे शेवटाला घात ठरलेला आहे.

दोरीचं मोकळं टोक त्याच्या पायाशी पडलं होतं. लिंबाजीची पाठ त्याच्याकडं होती. सूर्यभाननं वाकून ते टोक बसायच्या पाटाखालच्या कडीत घातलं आणि गच्च गाठ मारली. आता लिंबाजीनं सोडली तरी दोरी वीतभरच सुटणार होती.

"बन्सी पल्याड चाललाय," लिंबाजी ओरडला. "तू ऐल काठ धर! वढ्याच्या तोंडातून वारा यायलाय!"

ते खरं होतं. ओढ्यापाशी पोचताच नाव पुढं झाली. काठावर आरडाओरडा सुरू झाला. तेवढ्यात ओढ्यातून मोठा झपाटा आला. नाव कलली, काठोकाठ पाणी आलं. लिंबाजीनं दोरी सोडली, पण ती सुटेना. पाणी भसाभसा आत शिरलं. त्यानं वळून पाहिलं. गाठ दिसली. मग सूर्यभानचा चेहरा दिसला. त्यानं कमरेचा विळा काढला आणि दोरी तोडली.

नाव सरळ झाली, पण अर्धी भरली होती. तीन नावा पुढं गेल्या.

"दोन वर्षं लिंबाजीच फुटला!" काठावरून कुणीतरी ओरडलं. लिंबाजी खाली मान घालून पाणी उपसत राहिला. सूर्यभाननं सुकाणू काठाकडं वळवलं.

पहिला आलेला बन्सीधर हसत जवळ आला. "लिंबाजी, शीड माझ्यापरीस सरस केलंस की रं! पाथरीत च्या पाजून पाजून शिडाचं इचारत हुतास, तवाच मला कळाया पायजे हुतं."

 बहिणीच्या दाराशी सूर्यभान संध्याकाळी गेला. कमलबाईनं पाट दिला, पाणी दिलं. लिंबाजी बाहेर आला नाही.

सकाळच्या पहिल्या खेपेला बारा उतारू होते. लिंबाजी वेळेवर येऊन बसला होता. मधल्या धारेत एकानं हसून विचारलं, "का लिंबाजी, बन्सीनं काय देलं?"

सूर्यभाननं सुकाणू धरलं होतं. त्याचा आवाज चढला नाही.

"दोरीला गाठ मी मारली हुती. दाजीवर इश्वास न्हवता माझा. त्यांनी विळ्यानं तोडली म्हनून दोघं वाचलो. गावात जाऊन सांगा."

 पैलतीर आला, उतारू उतरले. लिंबाजी नाव धरून गुडघाभर पाण्यात उभा होता.

"बन्सीला भेटलो ते तुला सांगायला पायजे हुतं," तो म्हणाला. "पन शर्यतीसाठी कुणाच्या दारात हात पसरला म्हनायची लाज वाटली."

"दाजी, पुढच्या साली..."

"उतारू नेऊ-आणू. शर्यतीला मी न्हाई."

पुढच्या साली दत्तोपंत शर्यतीची नावं लिहून घ्यायला आले. सूर्यभाननं आपलं नाव घालू दिलं नाही.