सह्या नकोत, अंगठे पाठवा

भिवाच्या लेकीचं, रंजिताचं लग्न झालं ते साल १९९३. त्याच वर्षी मी आखातात रुवैसला आले. भिवाला लग्नासाठी रजा मिळाली नव्हती. छावणीच्या ऑफिसात त्याने माझ्या शाईत अंगठा टेकवला, पगाराच्या कागदावर उठवला आणि म्हणाला, "आज हळद लागत असंल." रांगेतला मागचा म्हणाला, "लागली असंल. पुढं सरक."

मी एक जुनी अंगठ्याच्या शाईची डबी आहे. मित्रांनो, माझी घडण साधी आहे. पत्रा दाबून डबी केली, आत कापडाची जाड गादी बसवली, तिच्यावर जांभळी शाई ओतली आणि वरून झाकण लावलं. झाकण असेल तोवर गादी ओली राहते. माझ्याबद्दल एवढं माहीत असलं तरी पुरे.

सुरुवातीची वर्षं मला मान होता. रिफायनरीच्या बांधकामावर काम करणाऱ्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पगाराच्या दिवशी हजेरी घेणारा अजीज मला टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि म्हणायचा, "यल्ला, अंगूठा लाओ. इसके बिना पगार नहीं." सिमेंटने फाटलेले, खरखरीत अंगठे माझ्यावर टेकत. मला सगळे सारखेच वाटत. कागदावर मात्र प्रत्येकाचा ठसा वेगळा उमटे.

भिवाच्या खोलीत तो धरून त्याच्या गावची सात माणसं राहत. आठवा शौकत, शेजारच्या गावचा, सातवी शिकलेला. दर शुक्रवारी दुपारी तो खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर अक्षरं काढून द्यायचा आणि हे सातजण ती गिरवायचे. भिवाचा 'भ' पहिली दोन वर्षं आडवाच पडायचा. शौकत म्हणायचा, "भिवादा, त्याला उभा करा, दमलाय तो." पण एक दिवस सगळ्यांना सही करता येऊ लागली. पगाराच्या दिवशी भिवाने मला बाजूला सारलं, पेन उचललं आणि पूर्ण नाव लिहिलं. अजीजने टाळी वाजवली.

हळूहळू छावणीत सगळेच सही करू लागले, तेव्हा मला कचऱ्यात टाकलं. शौकतने मला उचलून खोलीत आणलं. "असू दे, कामाला येईल," तो म्हणाला. मी एसीच्या खालच्या फळीवर पडले. माझं झाकण भिवाने बिडीची राख झाडायला घेतलं. मी उघडी राहिले आणि वाळले.

२००२ साली गावाहून एक अर्ज आला. गावात दारूचं दुकान होतं. भिवाचा मुलगा सुदेश दुपारपासून तिथेच बसायचा. भिवाची बायको नर्मदा आणि इतर बायांना दुकान बंद करायचं होतं. त्यासाठी गावाचं मतदान घ्यावं लागतं, आणि मतदान मागायला आधी अर्ज लागतो. अर्जावर ठरलेल्या संख्येइतक्या मतदारांच्या सह्या किंवा अंगठे हवेत. प्रत्येकाचं नाव मतदारयादीत हवं. अधिकारी एकेक सही तपासून पाहतो. बायांना थोडी नावं कमी पडत होती. या सातजणांची नावं अजून गावच्या यादीत होती.

शौकत म्हणाला, "सहीशेजारी अंगठा पण लावा."

"आता कशाला अंगठा?" भिवा म्हणाला. "गावाला कळू दे की आम्ही शिकलो."

सातजणांनी सावकाश, जीभ दातांत धरून सह्या केल्या. रजेवर जाणाऱ्या एकाबरोबर अर्ज परत गेला.

महिन्याने शौकतच्या मोबाइलवर नर्मदाचा फोन आला. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"दुकानवाल्यानं हरकत घेतली. म्हणतो, हे सगळे अंगठेवाले, या सह्या बायांनीच गिरवल्या. ग्रामसभेच्या वहीत तुमचे अंगठेच आहेत ना! साहेब म्हणतो, आठ दिवसांत अंगठे आणा. अवो, सह्या नकोत, अंगठे पाठवा."

"मग मी शिकलो ते?" भिवा म्हणाला.

"ते मागनं बघू. पोरगा ऱ्हायला पायजे आधी."

शौकतची रजा त्याच आठवड्यात होती. निघायच्या दिवशी, शुक्रवारी, कंपनीची बस नमाजानंतर लगेच सुटणार होती. तोवर दुकानं बंद. नवी डबी उद्या आणू, उद्या आणू म्हणत राहून गेली होती. भिवाने मला फळीवरून काढलं. माझ्यावर धूळ होती. त्याने पाणी ओतलं, चमच्याच्या दांड्याने गादी दाबली. फिकट जांभळं पाणी वर आलं. मी होतं नव्हतं तेवढं दिलं. सातजणांनी अंगठे उठवले. कागदावर ओले डाग पडले.

"उठलंय का?" भिवाने विचारलं.

शौकतने कागद उजेडात धरला. "इन्शाल्ला," एवढंच म्हणून तो बसकडे गेला.

रजा संपवून तो परत आला तेव्हा भिवा बिडी ओढत बसला होता. शौकत बूट न काढताच म्हणाला, "ठसे वाचता आले नाहीत, भिवादा. अर्ज निकाली काढला. मतदान होणार नाही."

भिवाने राख झाडली. मग झाकण धुतलं, पुसलं आणि माझ्यावर बसवलं. दुसऱ्या दिवशी त्याने शाईची बाटली आणून मला काठोकाठ भरलं. त्यानंतर खोलीत कुणाला माझं काम पडलं नाही.

आता मी गावी, त्याच्या घरातल्या कोनाड्यात असते. भिवा कुठेही सही केली की शेजारी अंगठा लावतो. पोस्टमन हसतो. भिवा अंगठा पुसतो आणि माझं झाकण लावतो.

मित्रांनो, नवं जरूर शिका. पण जुनी वस्तू ठेवून द्याल तेव्हा तिचं झाकण लावून ठेवा. दुसरं काही मागणं नाही.

भिवा आणि नर्मदा यांचा मुलगा सुदेश ९ जानेवारी २००४ रोजी दारूने वारला. तो चोवीस वर्षांचा होता.