सोयासॉसची बाटली

शाळेत मला माघारी "तोफ" म्हणतात. म्हणोत बापडे. पोटात एक आणि ओठात एक हे आपल्याला जमत नाही. म्हणून तर रामहरी माझ्याकडे आला.

रामहरी म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, रुक्मिणीचा दीर. ती आणि मी एकाच शाळेत शिकवतो. सांगोल्याहून पहिल्या एसटीनं आला आणि चहाला हातसुद्धा लावेना.

"बाई, वैनी तुमचंच आयकत्यात. आय लई थकली. दादाचं उरकून घ्या, मग मी डोळं मिटती म्हंती. बारा वर्सं मानूस घावला न्हाय तर पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया करत्यात. आता चौदा झाली की. पर वैनी कुंकू पुसंनात. तुमी सांगा त्यास्नी."

त्याचा दादा गंगाधर पलटणीत होता. बासष्टच्या लढाईत वर बर्फात गेला, तो परत आलाच नाही. "बेपत्ता" अशी तार आली होती. कैदी सुटले त्यात तो नव्हता. पुढं सरकारी कागद आले, पेन्शन आली, पण रुक्मिणीचं एकच. "बेपत्ता म्हणजे मेले नव्हेत की." रोज सकाळी रुपयाएवढं कुंकू लावून शाळेत हजर. तिच्यासमोर हा विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

"सांगते," मी म्हटलं. "रविवारी जेवायला बोलावते आणि तोंडावर सांगते. तू बुधवारी ये."

आता बोलवायचं तर काहीतरी झकास करावं. दिवाळीत पुण्याला भावाकडं गेले होते, तिथं वहिनीनं नूडल्स करून घातल्या होत्या. कृती कागदावर उतरून आणली होती आणि सोयासॉसची एक बाटलीही. पण नूडल्स सोलापुरात आणायच्या कुठून? मग डोक्यात आलं, शेवया आहेत की! वैशाखात रुक्मिणीनं आणि मी खाटेवर वाळवलेल्या गव्हाच्या शेवया डबाभर होत्या. व्हिनेगरसाठी सारा बाजार पालथा घातला. आमचे हे गिरणीच्या रंगखान्यात कामाला. म्हणतात, "आमच्याकडं ॲसिड आहे, तेही आंबटच असतं." मी म्हटलं, "पाहुण्यांना जेवू घालायचंय, रंगवायचं नाही!" शेवटी लिंबू पिळलं.

रविवारी सकाळी शेवया अर्धकच्च्या उकडल्या, चाळणीत ओतून तेलाचा हात फिरवला. कोबी, गाजर, ढोबळी मिरची, कांद्याची पात, सगळं बारीक चिरून मोठ्या आचेवर परतलं. स्टोव्ह नुसता भणभणत होता. वरून सोयासॉस घातलं तर कढईतलं सगळं काळपट झालं. पण वास असा सुटला की शेजारची ईरम्मा न बोलावताच आली. तिलाही बसवलं.

दुपारी रुक्मिणी आली. मी ताटल्या वाढल्या. ईरम्मानं बोटानं शेवई उचलून पाहिली.

"हे काय गं बाई? शेवयात कोबी? साखर-दूध कुटं गेलं? डोकं फिरलं का तुजं?"

"अगं, चिनी जेवण आहे हे!" मी झारा नाचवत म्हटलं. "चीनमधली माणसं रोज हेच खातात!"

ईरम्मानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी कळवळले. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. आई गं! आठ दिवस मी गंगाधरचाच विचार करत होते. काय बोलायचं ते आंघोळ करताना पाठ करत होते. आणि त्याच्या बायकोला मी पानात काय वाढलं, तर चिनी जेवण! पुण्यात सगळे हौसेनं खातात, म्हणून मीही हौसेनं केलं. त्या जेवणाचा आणि त्या लढाईचा देश एकच, हे एकदाही मनात आलं नाही. माझ्यासारखी गाढवीण सोलापूर जिल्ह्यात सापडायची नाही.

रुक्मिणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती ताटलीकडं नुसती बघत होती.

"रुक्मे, दे ती ताटली इकडं. मी भात टाकते, दहा मिनिटांत होईल."

तिनं ताटली धरून ठेवली. "रोज?"

"काय?"

"रोज हेच खातात ते?"

नाचवत असलेला झारा मी खाली ठेवला.

"या आपल्याच शेवया ना? वैशाखातल्या?"

मी मान हलवली. तिनं एक घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. आणि माझ्या देखत ही बाई हसली. चौदा वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"अगं दुर्गा, ह्यांना शेवया लई आवडतात. सासूबाईंनी खाटेवर घातल्या की कच्च्याच खिशात भरून रानात जायचे. मी रोज जेवायला बसले की घास अडकायचा बघ. भाकरीशिवाय ज्यांचं चालत नाही, त्यांना तिकडं कैदेत ते लोक काय घालत असतील? आणि शेवयाच घालतात की! म्हणजे उपाशी नाहीत."

तिनं तीनदा मागून घेतलं. ईरम्मा मिरचीच्या नावानं ओरडत पदरानं डोळे पुसत होती, आणि पानात तर मिरची ढोबळीच होती. जेवण होताच ती उठून घरी गेली.

आम्ही दोघीच उरलो. बोलायचं ते आत्ताच, असं मी स्वतःला बजावलं. "रुक्मे, मला तुला एक सांगायचंय."

"आधी मला विचारू दे. तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुलाच विचारते. हे खरंच तिकडच्यासारखं झालंय?"

मी काय डोंबल चीन पाहिलाय? कृती पुण्याच्या वहिनीची, शेवया वैशाखातल्या, आंबटपणा लिंबाचा. आणि त्यापुढचं, खरं बोलायचं ते, जिभेच्या टोकावर होतं. रुक्मे, गंगाधर गेले गं.

"अगदी तिकडच्यासारखं," मी म्हटलं.

माझ्याच तोंडून हे निघालं? मी चरकले. बुधवारी रामहरी येईल. त्याला काय सांगू? चौदा वर्षांत जे कुणी केलं नाही, ते मी एका घासात करून बसले होते. तिच्या आशेला जेवू घातलं होतं.

रुक्मिणी उठली. ओट्यावरची बाटली तिनं उजेडात धरून पाहिली. अर्धी होती.

"ही मी नेऊ? आल्या आल्या आपलं जेवण ह्यांच्या घशाखाली उतरायचं नाही. सवय गेली असणार की. थोडे दिवस असलंच करून घालीन."

"ने."

तिनं बाटली पदरात गुंडाळली. उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. "उघडल्यावर किती दिवस टिकतं गं हे?"

बाटलीवर काय लिहिलं होतं ते मी वाचलंही नव्हतं.

"टिकतं," मी म्हटलं. "तू म्हणशील तितके दिवस टिकतं."