ट्रिप होणारं भूत

लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात माणसांची अशी दाटी होती की यंत्रं दुरुस्त करणाऱ्या पानेवाल्या मावशीला हत्यारांची पेटी डोक्यावर धरून आत घुसावं लागलं. सपासप आवाज येत होता. कुणीतरी गालिचे झोडपतंय, असं तिला वाटलं. पुढे जाऊन बघते तर भिंतीशी विशीतली एक पोरगी गुडघ्यांत डोकं घालून बसलेली, आणि एक लठ्ठ बाबा ओली चादर पिळून, तिचा दोर करून पोरीच्या पाठीवर हाणतोय.

"यंत्राला सोडतेस की नाही? बोल!"

सप्प! तिच्या नाकातून रक्त ठिबकत होतं. शेजारी पाणी तापवणारा कपाटाएवढा हीट पंप लाल दिवा लावून मुकाट उभा होता.

अचानक खट्ट झालं. लाल दिवा गेला, पंखा फिरला, कॉम्प्रेसर गुरगुरला.

"सोडलं! सोडलं!" गर्दीने आरोळी ठोकली. एका इस्त्रीवाल्याने "वाफबाबा!" म्हणत बाबाचे पाय धरले. बाबाने कपाळाचा घाम पुसला. बिचारा दमला होता.

मावशी आली होती यंत्राच्या वार्षिक तपासणीला. लॉन्ड्रीच्या मालकिणीने तिला बाजूला घेतलं. "दवाखान्याच्या चादरी धुतो आम्ही. सगळं गरम पाणी या पंपाचं. सून घरात आली आणि हा बंद पडायला लागला. बाबांनी ओळखलं. तिच्या अंगातली सावली यंत्रात शिरते. मार बसला की निघते. दर वेळी, बाई! या डोळ्यांनी बघितलंय."

"आणि हाताला काय झालं तिच्या?"

सुनेच्या उजव्या तळव्यावरचे फोड फुटून आतलं लाल मांस दिसत होतं. तिचा नवरा चपलेकडे बघत म्हणाला, "मागच्या वेळी माराने भागलं नाही. त्या नळीवर धरला."

ती कॉम्प्रेसरमधून निघणारी तांब्याची नळी. पाण्याचा थेंब पडला तर चुर्र होऊन उडतो, इतकी तापलेली.

"आता बंद पडलं तर दोन्ही हात," बाबा शांतपणे म्हणाला. "आणि मग तोंड."

मावशीने पेटी उघडली. यंत्राचं झाकण काढून दाब मोजणारं गेज जोडलं. काटा भराभर वर चढत होता. तिने पाण्याच्या नळ्या चाचपल्या. यंत्रातून बाहेर पडणारं पाणी कढत होतं, पण अगदी करंगळीएवढं.

"हा परत ट्रिप होणार, म्हणजे आपोआप बंद पडणार," ती म्हणाली. "नीट ऐका. हे यंत्र हवेतली उष्णता ओढतं आणि गॅसमधून पाण्याला देतं. पाणी पुरेसं वाहत नसलं की उष्णता गॅसमध्येच कोंडते, दाब वाढतो. फार वाढला की यंत्र जीव वाचवायला बंद होतं. दाब उतरला की आपलं आपण सुरू होतं. यात भुताला बसायला जागाच कुठे आहे?"

बाबा हसला. "मग माझ्या माराबरोबरच कसं गं सुरू होतं?"

"कारण ते सुरू होईपर्यंत तुम्ही मारायचं थांबतच नाही!"

गर्दीत कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच खोकलं.

खट्ट. लाल दिवा.

नवऱ्याने सुनेचे दोन्ही हात धरून तिला नळीकडे फरफटत न्यायला सुरुवात केली. मावशी मध्ये शिरली. त्याचा ठोसा तोंडावर बसला, ओठ फाटला. बाबाच्या चेल्याने मागून तिचे केस धरले. तिने न बघताच मोठा पाना मागे फिरवला. कोपराचं हाड कडकन वाजलं आणि चेला बोंबलत खाली बसला.

"पुढचा कोण?" मावशीने पाना उगारलेलाच ठेवला. तिने ओठाचं रक्त बोटावर घेतलं आणि गेजच्या काचेवर रेघ ओढली. "काटा इथवर उतरला की यंत्र सुरू होईल. तोवर हिला कुणी शिवायचं नाही."

"अगं, यंत्र फुटेल!" बाबा ओरडला. "सगळे मराल!"

"थांब रे," मालकीण मुलाला म्हणाली. "चादरी तशाही अडकल्यात. एकदा न मारता बघू."

काटा उतरू लागला. सून हुंदके देत होती. काटा रेघेवर आला. रेघेखाली गेला. काहीच झालं नाही. बाबाने चादर उचलली.

खट्ट. पंखा फिरला.

या वेळी कुणीच ओरडलं नाही.

"माझी नजर होती त्याच्यावर!" बाबा म्हणाला.

"मग फाटकाबाहेर उभे राहा," मावशी म्हणाली. लोकांनीच त्याला बाहेर काढलं. पंप पुन्हा ट्रिप झाला आणि पुन्हा आपला आपण सुरू झाला.

मग मावशीने यंत्र थांबवलं, पाणी बंद केलं आणि पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी बाहेर काढली. जाळी कसली, करड्या चिखलाचा गोळा होता तो. त्यात दोरे गुंतलेले.

मालकिणीचा चेहरा उतरला. "बाबांची राख. मंतरलेले दोरे. लग्नापासून दर आठवड्याला पाण्याच्या टाकीत सोडतो आम्ही."

म्हणजे सुनेबरोबर राखही घरात आली होती. संशय मात्र सुनेवर.

जाळी धुऊन बसवली, यंत्र सुरू केलं तसं पाणी मनगटाएवढं धो धो वाहिलं आणि काटा खाली स्थिरावला. ते बघताच नवऱ्याने पिळलेली चादर उचलली आणि फाटकाशी जाऊन बाबाला झोडपायला लागला. दहाजण मदतीला धावले. बाबाचं डोकं फुटलं. मावशीने चादर हिसकावली.

"यंत्र बंद पडलं की बायको, सुरू झालं की बाबा? मारायला कुणीतरी हवंच का तुम्हाला? पोलिसांना बोलवा!"

नवरा धापा टाकत सुनेसमोर बसला. "चल घरी. कळलं ना आता, तुझ्यात काही नव्हतं."

सुनेने पहिल्यांदा मान वर केली. "आणि पंप खरंच बिघडला असता तर? कधीच सुरू झाला नसता तर?"

वाचणाऱ्यांनो, लक्षात ठेवा. एखादी गोष्ट बंद पडली तर कारण शोधा. नाही सापडलं तर "माहीत नाही" म्हणा आणि पुन्हा शोधा. पण तोवर आणि त्यानंतरही, कुणाच्या पाठीवर उत्तर शोधू नका. पोरगी निर्दोष ठरायला जाळी उघडावी लागली, हीच आपल्या सगळ्यांना लाज वाटायची गोष्ट आहे.

पोलीस आले. सून भिंतीला धरून उठली. "मारणाऱ्यांची नावं मी सांगते," ती म्हणाली, आणि नवऱ्याचं नाव तिने पहिलं घेतलं.